कांदा, परवाना आणि बंदूक: खुल्या बाजाराचा माणूस नेमकं काय मागतो?

प्रश्नकर्त्याने तीन गोष्टी एका दमात विचारल्या आहेत. तुम्ही खुल्या बाजाराचे समर्थक, तर कांदा शंभर रुपये किलो झाला तरी निर्यातबंदी नकोच का? सरकारने बाजारात हात घालायचा नाही, तर भाव कोसळल्यावर अनुदान मागायला तुम्हीच पुढे कसे? आणि अमेरिकेतले लिबर्टेरियन, म्हणजे सरकारचा हात कमीत कमी हवा म्हणणारे स्वातंत्र्यवादी, व्यापाराबरोबर बंदुकीचंही स्वातंत्र्य मागतात, ते तुम्हाला मान्य आहे, की तुम्ही फक्त कांद्यापुरते स्वातंत्र्यवादी? जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय की लांजा तालुक्यातल्या त्यांच्या मामांचा शेतीसंरक्षण बंदुकीच्या परवान्याचा अर्ज कधीचा पडून आहे आणि कोणी हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही.

माझं आयुष्य नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या खरेदीत आणि निर्यातीत गेलं. शेतकरी संघटनेच्या शिबिरांत बसून अर्थशास्त्र शिकलो. त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांवर ऐकीव बोलणार नाही. तिसऱ्याचा कायदा आमच्याकडे बिबट्या आणि रानडुकरांमुळे वाचावा लागतो, म्हणून वाचला आहे.

आधी एक खुलासा. खुल्या बाजाराचा माणूस म्हणजे सरकार नको म्हणणारा माणूस, असा समज आहे. तसे लोक आहेत, पण मी त्यातला नाही आणि आमच्या चळवळीतले बहुतेक जणही नाहीत. वजनकाटा खरा आहे का, पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यावर खटला चालतो का, करार मोडला तर दाद लागते का, हे सरकारनेच पाहायचं आहे आणि सध्या ते नीट पाहत नाही. आमची तक्रार दुसरीकडे आहे. जो नियम पेरणीच्या आधी माहीत असतो त्याच्याशी शेतकरी जुळवून घेतो, तो कडक असला तरी. जो नियम रात्री निघतो आणि सकाळी लागू होतो, त्याच्याशी कोणी कसं जुळवून घ्यायचं? कांद्याचं दुखणं हे आहे, आणि बंदुकीच्या परवान्याचंही हेच आहे.

2023 साल घ्या. फेब्रुवारीत लाल कांदा इतका पडला की गाडीभाडं सुटेना. सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीत हमाली, तोलाई, भाडं वजा जाता दोन रुपये उरले आणि त्या दोन रुपयांचा चेक देशभरच्या बातम्यांत झळकला. राज्य सरकारने क्विंटलला 350 रुपये अनुदान जाहीर केलं, त्याला 200 क्विंटलची मर्यादा. पुढे उन्हाळ कांदा निघाला, लोकांनी कांदा साठवायच्या चाळी भरल्या. ऑगस्टमध्ये भाव जरा मान वर काढतोय तोच 19 तारखेला केंद्राने 40 टक्के निर्यातशुल्क लावलं. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याहून स्वस्तात बाहेर विकायचं नाही. 8 डिसेंबरपासून बंदी. ती 31 मार्चपर्यंत आहे असं सांगितलं होतं, मार्चमध्ये पुढे ढकलली. 4 मे 2024 ला उठवली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरमध्ये, विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, किमान मूल्य गेलं आणि शुल्क 20 टक्क्यांवर आलं. 1 एप्रिल 2025 पासून शुल्कही गेलं. म्हणजे वीस महिन्यांत सात वेळा खेळाचे नियम बदलले.

आता हेच शेतकऱ्याच्या बाजूने मोजा. उन्हाळ कांद्याचं रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकतात, लागवड डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्च-एप्रिलमध्ये, आणि चाळीतला शेवटचा कांदा पुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाहेर निघतो. एक निर्णय घेतला की वर्षभर त्यातून सुटका नाही. त्यातही चाळीत घट, सड, कोंब धरून तीस-चाळीस टक्के माल जातो. म्हणजे ऑक्टोबरात दिसणारा चढा भाव हा नुसता नफा नसतो. जे सडून गेलं त्याची किंमतही त्यातच वसूल व्हायची असते. दिल्लीत बसलेल्या माणसाला मात्र एप्रिलचा भाव आणि ऑक्टोबरचा भाव शेजारी ठेवले की साठेबाज दिसतो.

बंदीची अधिसूचना निघाली त्या 7 डिसेंबरच्या रात्री आमच्या शेडवर प्रतवारी झाली होती. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढलेली, एकसारख्या आकाराचा माल लाल जाळीच्या गोण्यांत, गोण्यांवर आखातातल्या खरेदीदाराची लेबलं शिवलेली. रीफर, म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर भरून न्हावा शेवा बंदराच्या वाटेवर. अधिसूचनेत सवलत होती, पण ती कोणाला? ज्याची जहाजावर चढाई आधीच सुरू झाली, ज्याचं शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टमचा कागद, भरून जहाज बंदराला लागलं, किंवा ज्याचा माल कस्टमच्या ताब्यात गेला, त्याला. रस्त्यावरच्या कंटेनरला यात जागा नव्हती. त्यातला कांदा परत आणून दुसऱ्याच्या नावाची लेबलं उसवून देशी बाजारात विकायचा, तोही ज्या बाजारात सगळेच परत आलेला माल ओततायत. दुसऱ्या दिवशी जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलाव बंद पडले, चांदवडला महामार्ग अडला. बंदीआधी लासलगावला चार हजारांच्या आसपास असलेला क्विंटलचा भाव पुढच्या काही दिवसांत निम्म्याखाली आला. तोटा आमचाही झाला, पण आमच्यासारख्यांना तो पुढच्या हंगामात भरून काढता येतो. ज्याने मुलीच्या लग्नासाठी दोन ट्रॉल्या राखून ठेवल्या होत्या, त्याला पुढचा हंगाम नसतो.

आणि बंदीपेक्षा वाईट असतात ते तिच्यातले अपवाद. एप्रिल 2024 च्या शेवटच्या आठवड्यात, बंदी चालू असताना, गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी निघाली. महाराष्ट्रात ओरड झाल्यावर दोनच दिवसांत खुलासा आला की सहा देशांना 99,150 टन कांदा पाठवायची परवानगी आहे आणि तो एका राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत जाईल. म्हणजे कांदा देशाबाहेर जायला हरकत नव्हती. कोणी पाठवायचा एवढंच ठरायचं होतं. राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) ज्याला परवाना-परमिट राज म्हणून नाव ठेवलं आणि ज्याच्या विरोधात 1959 मध्ये स्वतंत्र पक्ष काढला, ते हेच. निर्णय फाईलवर गेला की ज्याचा फाईलवाल्याशी घरोबा त्याचं भलं होतं. त्यासाठी कोणी लाच खाल्लीच पाहिजे असंही नाही.

शंभर रुपये किलोचा प्रश्न मी टाळत नाही. शहरातल्या मजुराला तो भाव झोंबतो हे खरं आहे. पण बंदीने काय होतं ते बघा. आजचा भाव पडतो, पुढच्या वर्षी लागवड कमी होते, आणि त्याच मजुराला पुन्हा शंभरचा कांदा घ्यावा लागतो. सप्टेंबर 2019 मध्ये बंदी आली, पण त्यानंतर डिसेंबरमध्येही भाव चढेच होते, कारण पावसाने खरीप बुडवला होता आणि बंदीने कांदा पिकत नाही. मग सरकारी कंपनीने तुर्कस्तान-इजिप्तचा कांदा मागवला. तो येईपर्यंत इथला माल सुरू झाला, राज्यांनी मागणी मागे घेतली आणि तो कांदा केंद्राच्या गळ्यात पडला. खासगी आयातदाराने स्वतःच्या पैशावर मागवला असता तर एवढा उशिरा आणि एवढा जास्त मागवला नसता. इथे आमच्या लोकांनाही एक कडू गोळी गिळावी लागते: निर्यात मोकळी मागायची तर आयातही मोकळी मान्य करायची. पाकिस्तानचा किंवा इजिप्तचा कांदा आला म्हणून रस्ता रोको करणारा माणूस खुल्या बाजाराचा नाही, मग त्याच्या छातीवर बिल्ला कुणाचाही असो.

गरिबाला मदत करायची असेल तर त्याच्या खात्यात पैसे टाका, तो खर्च सगळ्या करदात्यांमध्ये वाटला जाईल. सध्या त्याच्या कांद्याचं बिल एकटा निफाड, येवला, चांदवड, कळवणचा शेतकरी भरतो, आणि बंदीचा फायदा मजुराबरोबर पंचतारांकित हॉटेललाही मिळतो.

गिऱ्हाईक गमावण्याचा भाग तर कोणी हिशोबातच धरत नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. भारताने अचानक कांदा थांबवला म्हणून मी स्वयंपाक्याला कांदा घालू नको असं सांगितलंय, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या हिंदीत, हसत हसत, पण सगळ्यांसमोर म्हणाल्या. हसण्यावारी गेलं. पण बांगलादेश आपला सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक, आणि त्याने तेव्हापासून म्यानमार, चीन, पाकिस्तान, इजिप्त असे दरवाजे ठोठावले आणि स्वतःची लागवडही वाढवली. आखातातला खरेदीदार मला तोंडावर सांगतो: तुमचा कांदा चांगला, पण तुमच्या सरकारचा भरवसा नाही. या वाक्याची किंमत कुठल्याच महागाई निर्देशांकात येत नाही.

दुसरा प्रश्न, भाव पडल्यावर अनुदान मागण्याचा. हा टोमणा योग्य आहे. चळवळीच्या इतिहासातही तो ताण आहे. स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेतली नोकरी सोडून शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी आंबेठाणला शेती करायला आले आणि चाकणला कांद्याचं आंदोलन उभं राहिलं, तेव्हा मागणी नाफेड या केंद्रीय सहकारी संस्थेच्या खरेदीची आणि उत्पादनखर्च भरून निघेल अशा भावाची होती. म्हणजे सरकारकडेच होती. दहा-बारा वर्षांनी तेच जोशी डंकेल प्रस्तावाच्या, म्हणजे जागतिक व्यापार मोकळा करायच्या मसुद्याच्या, बाजूने उभे राहिले, तर टिकैत आणि नंजुंडस्वामी हे दुसरे शेतकरी नेते विरोधात. लोक त्याला घूमजाव म्हणतात. मला ते तसं वाटत नाही. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा पहिल्यापासून होती, आणि दाम सरकार देतं की सरकार पाडतं हे हिशोब मांडल्याशिवाय कळत नव्हतं. हिशोब मांडला तेव्हा उणे सबसिडी निघाली: खतं, वीज, पाणी यांवर जे दिलं त्याहून जास्त निर्यातबंद्या, साठामर्यादा आणि जिल्हाबंद्यांनी काढून घेतलं. पुढे 2018 मध्ये ओईसीडी ही विकसित देशांची आर्थिक संघटना आणि इक्रिअर ही दिल्लीची अभ्याससंस्था यांनी मिळून भारताच्या शेतीधोरणावर अहवाल काढला, त्यातही 2000 नंतरच्या वर्षांची सरासरी शेतकऱ्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या उणे 14 टक्के आली. सगळं अनुदान जमेस धरून.

तेव्हा माझं उत्तर असं: चढत्या भावात हात बांधायचे आणि पडत्या भावात क्विंटलला 350 टेकवायचे, यातलं दुसरं मी अनुदान मानत नाही, ती अपुरी नुकसानभरपाई आहे. पण हात मोकळे झाले तर ते 350 ही मागू नयेत, हे मी संघटनेच्या बैठकीत म्हटलेलं आहे आणि टाळ्या पडलेल्या नाहीत. भाव पडण्याची जोखीम झाकायला जगभर वायदेबाजार असतो, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आजच ठरवायची सोय. आपण डिसेंबर 2021 मध्ये सोयाबीन, हरभरा, गहू यांसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि मग मुदतवाढीवर मुदतवाढ देत गेलो. छत्री काढून घ्यायची आणि पावसात भिजला म्हणून मदत जाहीर करायची, असा हा कारभार आहे.

व्यापाऱ्यांबद्दल कोणी विचारलं नाही, पण मी स्वतः त्या बाजूला बसतो म्हणून सांगतो. खुला बाजार म्हणजे व्यापाऱ्याचं राज्य, असं वाटणाऱ्यांनी बाजार समितीचा लिलाव एकदा उभं राहून बघावा. ट्रॉलीभोवती ठरलेली तीच मंडळी, परवाना असलेली, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखणारी. वीस सेकंदांत बोली संपते. नवा माणूस परवान्यासाठी गेला तर गाळा नाही, जामीन नाही, आणि गोड बोलून वाटेला लावतात. सप्टेंबर 2023 मध्ये नाशिकच्या व्यापाऱ्यांनी जवळपास दोन आठवडे लिलावच केले नाहीत. कारण सरकारविरुद्धचं होतं, त्यातल्या काही मागण्या मलाही पटतात. पण जिथे विकायला दुसरी जागा आहे तिथे दोन आठवड्यांचा बहिष्कार टिकूच शकत नाही. मोकळा बाजार आला तर आमच्यातल्या अनेकांची दुकानं बंद होतील. म्हणूनच व्यापारी खुल्या बाजाराच्या सभेला वर्गणी देतात आणि बाजार समिती कायद्यातल्या दुरुस्तीला विरोधही करतात.

2020 चे कृषी कायदे या चर्चेत येणारच, म्हणून एवढंच: त्यातल्या आवश्यक वस्तू दुरुस्तीत चांगली गोष्ट ही होती की नाशवंत मालाला साठामर्यादा कधी लावायची याचं माप लिहून दिलं होतं, भाव दुप्पट झाला तर. पण ते विधेयक लोकसभेत मंजूर झालं 15 सप्टेंबरला आणि कांद्याची निर्यातबंदी आली 14 सप्टेंबरला. ऑक्टोबरमध्ये घाऊक व्यापाऱ्याला 25 टनांची साठामर्यादाही लावली. ज्यांच्या बाजूने कायदा केला त्यांनाच त्यावर विश्वास ठेवायला जागा उरली नाही.

ट्रम्पबद्दल हल्ली प्रत्येक जण विचारतो. अमेरिकेने ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावरचं जादा शुल्क 50 टक्क्यांवर नेलं, तेव्हा आपल्याकडे फार संताप झाला. बरोबरच झाला. तिथल्या स्वातंत्र्यवादी अर्थतज्ज्ञांनीही त्याला विरोध केला, आणि त्यांचा मुद्दा शुल्काच्या आकड्याइतकाच हा होता की 1977 च्या आणीबाणी-अधिकारांच्या कायद्याचा आधार घेऊन एक माणूस रातोरात हे ठरवतो. आम्हाला हे ऐकताना घरचं काहीतरी ऐकल्यासारखं वाटलं.

आता बंदूक. आपल्याकडे शस्त्राच्या हक्काला अमेरिकन खूळ समजतात, पण 1878 चा शस्त्र कायदा व्हाइसरॉय लिटनने केला तो हिंदी माणसाला निःशस्त्र ठेवायला, युरोपियनांना त्यातून सूट होती, आणि काँग्रेसने तो कायम अपमान मानला. 1931 मध्ये वल्लभभाईंच्या अध्यक्षतेखाली कराचीला मूलभूत हक्कांचा ठराव झाला, त्यात नियम आणि निर्बंधांच्या अधीन राहून प्रत्येक नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क मांडलेला आहे. घटना समितीत डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामतांनी तो घटनेत आणायची दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. त्यांचा रोख असा की मूलभूत हक्क म्हणून लिहिलं की सराईत गुन्हेगारालाही तो द्यावा लागेल. दुरुस्ती पडली. मला आंबेडकरांचं म्हणणं पटतं, आणि तरीही कामतांचा प्रश्न सुटलेला नाही असं वाटतं.

कारण पुढे झालं काय? 1959 च्या शस्त्र कायद्यात कलम 13 मध्ये दोन दारं आहेत. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी 20 इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक, किंवा खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची बंदूक मागितली तर, कलम 14 मधली नकाराची कारणं नसतील तर, परवाना द्यायचा आहे. पिस्तूल वगैरे बाकीच्या शस्त्रांसाठी मात्र अर्जदाराकडे सबळ कारण आहे असं अधिकाऱ्याचं समाधान व्हायला हवं. कलम 14 मध्ये तर हेही लिहिलंय की केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून नकार देता येणार नाही. कायदा करणाऱ्यांनी गरीब शेतकऱ्याचा विचार केला होता. प्रत्यक्षात दोन्ही दारांवर एकच पहारेकरी बसला. जिल्ह्यातला बिल्डर, आमदाराचा माणूस, यांना कमरेचं शस्त्र मिळतं, आणि ज्याला कायद्याने द्यायचंच आहे तो ठासणीवाला चकरा मारतो.

अमेरिकेत याच मुद्द्यावर 2022 मध्ये ब्रुएन खटल्याचा निकाल लागला. न्यूयॉर्कमध्ये शस्त्र बाळगून फिरायला विशेष कारण दाखवावं लागे आणि ते पुरेसं आहे का हे अधिकारी ठरवत. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते रद्द केलं. मर्जीचा परवाना कसा चालतो याचं त्यांच्याकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण मार्टिन ल्यूथर किंग यांचं आहे. 1956 मध्ये माँटगोमेरीत त्यांच्या घरावर बॉम्ब पडल्यावर त्यांनी पिस्तूल बाळगायचा परवाना मागितला. अलाबामातल्या अधिकाऱ्यांनी तो नाकारला. ज्या माणसाला त्या गावात सगळ्यात जास्त धोका होता, तोच अधिकाऱ्यांच्या लेखी अपात्र ठरला.

तरीही मी अमेरिकन लिबर्टेरियनांबरोबर शेवटपर्यंत जात नाही. 2021 मध्ये त्या देशात बंदुकीने 48,830 माणसं मेली आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. स्वसंरक्षणाची कितीही भाषणं केली तरी हा आकडा हलत नाही. कांद्याच्या बाबतीत माझ्या चुकीचा तोटा मला होतो. बंदुकीत तो शेजाऱ्याच्या पोराला होतो. म्हणून बंदुकीला पात्रता लागलीच पाहिजे: वय, गुन्ह्यांची नोंद, मानसिक आरोग्य, प्रशिक्षण, घरात कुलपात ठेवायची सोय. मला जवळची वाटते ती चेक प्रजासत्ताकाची पद्धत. परीक्षा द्या, वैद्यकीय तपासणी द्या, पास झालात तर परवाना मिळणारच, साहेबांच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही. तीही निर्दोष नाही. डिसेंबर 2023 मध्ये प्रागच्या विद्यापीठात परवानाधारकानेच चौदा जणांना मारलं. त्यानंतर त्यांनी नियम कडक केले, पण लिहून कडक केले, सगळ्यांना सारखे.

आपल्याकडची आणखी एक गंमत व्यापाराशी जोडलेली आहे. परवाना हातात पडला तरी घ्यायचं काय? सामान्य परवानाधारकाला परदेशी बंदूक आणायची वाट 1980 च्या दशकापासून बंद आहे, आणि कमरेच्या शस्त्राची निर्मिती दशकानुदशकं सरकारी कारखान्यांच्याच हातात राहिली. त्यामुळे आजोबांच्या काळातलं विलायती रिव्हॉल्व्हर सोन्याच्या भावाने हस्तांतरित होतं. बिहारमधल्या मुंगेरचा बेकायदा कट्टा (गावठी पिस्तूल) घेणाऱ्याला मात्र ना परवाना लागतो ना रांग. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. नियम पाळणाऱ्याने तिसरी जमा केली. कट्टेवाल्याला दुरुस्ती झाल्याचंही माहीत नसेल.

आणि बंदूक न दिल्याने गाव सुरक्षित होतं, हेही गृहीत धरू नका. रानडुकरांनी रात्रीत भात लोळवला की माणूस काहीतरी करतोच. परवाना नसेल तर कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. त्या तारेला डुक्कर कळत नाही आणि पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारीही कळत नाही. असे मृत्यू दरवर्षी होतात, वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींत येतात. ठासणीच्या बंदुकीचा बार काढणारा निदान समोर काय आहे ते बघून काढतो.

आता मामांचं काम. आधी हे समजून घ्या की बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. ती वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली वन खात्याकडून वेगळी, लेखी घ्यावी लागते. बिबट्याचा विचारही करू नका, तो त्या कायद्याच्या पहिल्या, सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. पण नुसता बार काढून कळप हाकलणं हाही पीकसंरक्षणाचाच भाग आहे, तेव्हा अर्जात हेतू तसाच लिहा. सातबारा, पीकपाहणी, वन खात्याचे नुकसानीचे पंचनामे जोडा. जुने पंचनामे नसतील तर या हंगामात करून घ्या, तेच तुमचं खरं बळ आहे. अर्जात ठासणीची बंदूक असं स्पष्ट लिहा आणि कलम 13 पोटकलम 3 चा उल्लेख करा. पुष्कळ जण हौसेने काडतुसाची मागतात आणि मग पीकसंरक्षणाच्या तरतुदीचा सरळ आधार हातचा जातो.

पोलिसांचा अहवाल आला नाही म्हणून अर्ज थांबलाय असं सांगतील. अहवाल ठरलेल्या मुदतीत आला नाही तर त्याची वाट न पाहता आदेश काढता येतो, हे त्याच कलमात आहे. 2016 च्या शस्त्र नियमांत मुदतीही घातल्या आहेत. त्याचा हवाला देऊन जिल्हाधिकारी कार्यालयाला एक स्मरणपत्र द्या, आवक-जावकचा शिक्का घेऊन, आणि त्याला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्जाची सद्यस्थिती विचारा. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. नाकारलं तर कारणं लेखी नोंदवायची आहेत आणि मागितली तर, सार्वजनिक हिताचा अडसर सांगितला नाही तर, त्यांचा सारांश द्यायचा आहे. तो कागद हातात आला की कलम 18 खाली अपील करता येतं, मुदतीच्या आत. मिळालाच परवाना, तर निवडणुकीत बंदूक जमा करायची नोटीस येईल. ती सरसकट सगळ्यांना काढायची नसते. जिल्ह्याच्या छाननी समितीने एकेक प्रकरण पाहून ठरवायचं असतं, आणि नेमकं भात पोटरीवर असताना नोटीस आली तर तसा अर्ज समितीकडे देता येतो.